आधी भाव ठरवा, मग हात लावा: जमैकाच्या सहलीतली फसवणूक समजून घेताना

जमैकाची लोकसंख्या साधारण २८ लाख. २०२३ मध्ये तिथे आलेले पर्यटक मात्र ४० लाखांच्या वर होते. क्रूझमधून सकाळी उतरून संध्याकाळी परत जहाजावर जाणारेही त्यात आले. म्हणजे बेटावर राहणाऱ्यांपेक्षा बेट बघायला येणाऱ्यांची संख्या जास्त. भारतातून थेट जाणारी मराठी मंडळी अजून थोडी असली, तरी अमेरिका-कॅनडात स्थायिक झालेले आपले लोक थँक्सगिव्हिंगला किंवा नाताळच्या सुट्टीत फ्लोरिडातून क्रूझ धरतात, आणि मुलांकडे सहा महिन्यांसाठी गेलेले आई-बाबाही बऱ्याचदा सोबत असतात. हा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे मुख्यतः हे आई-बाबा आहेत. आयुष्यभर हिशेबाने वागलेली ही माणसं, पण समोरचा गोड बोलला की त्याला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जड जातं.

बार्बाडोस, बहामा, डॉमिनिकन रिपब्लिक या ठिकाणीही थोड्याफार फरकाने याच युक्त्या चालतात. पण सगळ्या बेटांबद्दल थोडं थोडं सांगण्यापेक्षा एक बेट नीट समजून घेतलेलं बरं, म्हणून जमैका.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. चाकू दाखवून लुटणं, खिसा कापणं हा या लेखाचा विषय नाही. त्यासाठीची काळजी आपण कुठेही घेतो तीच: रात्री अनोळखी वस्तीत जायचं नाही, अंगावर सोनं घालून फिरायचं नाही. इथे बोलायचं आहे ते अशा प्रसंगांबद्दल, जिथे पाकीट आपणच उघडतो आणि पैसे आपल्याच हाताने देतो.

तो माणूस आपल्या मागे का लागतो?

जमैकातला बराचसा पर्यटन-व्यवसाय ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ रिसॉर्टवर चालतो. खाणं, पिणं, पोहणं, रात्रीचा नाच-गाण्याचा कार्यक्रम, सगळ्याचे पैसे आधीच भरलेले. पाहुणा विमानतळावरून बसमध्ये बसतो, रिसॉर्टच्या भिंतीआड जातो आणि आठवड्याने तसाच परत निघतो. किनाराही सगळ्यांना मोकळा नाही. १९५६ च्या बीच कंट्रोल अॅक्टनुसार जमैकात समुद्रकिनाऱ्यावर जाण्याचा सरसकट हक्क जनतेला नाही. त्यामुळे चांगले किनारे हॉटेलांच्या ताब्यात गेले आणि स्थानिकांसाठी मोजकेच उरले, अशी तिथली जुनी तक्रार आहे. त्यावर मोर्चे निघतात, कोर्टात खटलेही चालतात.

आता लाकडी बाहुल्या विकणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. चाळीस लाख लोक आपल्या गावावरून जातात, पण त्याच्या वाट्याला येतात ती फक्त गेटपासून बसपर्यंतची काही मिनिटं. तेवढ्यात ओळख काढायची, हसवायचं आणि विकायचं. म्हणून तो चिकटतो. तो चोर आहे असं मी मानत नाही, आणि तुम्हीही मानू नका. बहुतेक वेळा ही पोटापाण्याची धडपड असते. पण त्या घाईत भाव फुगतो, न मागितलेली वस्तू गळ्यात मारली जाते, आणि याच गर्दीत खरोखरचे भामटेही मिसळलेले असतात. दोघांपासून वाचायचा उपाय एकच आहे, त्यामुळे कोण कसा आहे हे ओळखत बसायची गरज पडत नाही. कुठल्याही वस्तूला, गाडीला, सेवेला हात लावण्याआधी भाव पूर्ण ठरवायचा. आणि भीड बाजूला ठेवायची. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते काही उगीच नाही.

‘मला ओळखलं नाही?’

माँटेगो बे या पर्यटकांच्या शहरात हॉटेलं, बार आणि भेटवस्तूंच्या दुकानांचा एक लांब रस्ता आहे. त्याला सगळे ‘हिप स्ट्रिप’ म्हणतात. पूर्वीचा ग्लॉस्टर अॅव्हेन्यू, आता गायक जिमी क्लिफ यांचं नाव दिलेला. या रस्त्यावर पाच मिनिटं चाललात की कोणीतरी हात पसरून समोर येतो. ‘हे, माय फ्रेंड! यू डोन्ट रिमेंबर मी? फ्रॉम द हॉटेल!’

तो सांगतो, मी तुमच्या हॉटेलात स्वयंपाकघरात आहे, किंवा सिक्युरिटीत, किंवा काल रात्री बारवर मीच होतो. आज माझी सुट्टी. आपण गोंधळतो. हॉटेलात पन्नास चेहरे पाहिलेले असतात, त्यात हाही असेल. ज्याने आपल्याला जेवायला वाढलं त्याला ओळखलं नाही, हे मनाला लागतं. बहुतेकांचा पाय इथेच अडकतो. मग तो बरोबर चालू लागतो. ‘टुरिस्टांच्या दुकानात जाऊ नका, मी खऱ्या बाजारात नेतो.’ त्या बाजारातल्या दुकानदाराकडून त्याला कमिशन मिळतं आणि ते आपल्या भावात चढलेलं असतं. नाहीतर थोड्या वेळाने बायको बाळंत झाल्याची, बाळाला दूध-पावडर हवी असल्याची गोष्ट निघते.

त्याला आपलं हॉटेल कळतं कसं? मनगटावरच्या पट्ट्यावरून. ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट पाहुण्यांना प्लास्टिकचा किंवा कापडी पट्टा बांधतात आणि प्रत्येकाचा रंग वेगळा असतो. रस्त्यावरच्या माणसाला ते रंग पाठ असतात. बाहेर पडताना लांब बाह्यांचा शर्ट घाला किंवा त्यावर घड्याळ चढवा, एवढं पुरतं. पट्टा नसेल तर तो हळूच विचारतो, ‘कुठे उतरलात?’ त्याचं उत्तर द्यायचं नाही. फारच आग्रह झाला तर आपणच विचारायचं, ‘कुठल्या हॉटेलात पाहिलंत मला?’

आणि हे करताना उद्धटपणा नको. जमैकन लोक ‘गुड मॉर्निंग’, ‘गुड आफ्टरनून’ला फार मान देतात. कोणी नमस्कार केला आणि आपण मान वळवून गेलो, तर तो अपमान धरला जातो आणि मग बोलाचाली होते. ‘गुड मॉर्निंग’ म्हणा, हसा, ‘नो, थँक यू’ म्हणा, आणि पाय थांबवू नका. बोलणं पुढे वाढतं ते पाय थांबल्यावर.

आधी देतात, मग मागतात

ओचो रिओसजवळचा डन्स रिव्हर धबधबा जमैकात सगळ्यात प्रसिद्ध. दगडांच्या पायऱ्यांवरून पाणी थेट समुद्रात उतरतं, आणि लोक एकमेकांचे हात धरून खालून वर चढत जातात. जागा खरोखर सुंदर आहे, चुकवू नये. मात्र बाहेर पडायची वाट हस्तकलेच्या बाजारातून जाते, आणि तिथे ही युक्ती अगदी जवळून बघायला मिळते.

एक माणूस हसत विचारतो, ‘व्हॉट्स युवर नेम?’ तुम्ही सांगता, स्नेहा. ‘स्पेल इट फॉर मी.’ तुम्ही अक्षरं सांगत जाता. त्याच्या एका हातात लाकडी पक्षी असतो, दुसऱ्या हातात बारीक पटाशी. तुम्ही शेवटचं अक्षर सांगेपर्यंत त्याची पहिली तीन अक्षरं कोरून झालेली असतात. मग तो भाव सांगतो आणि वर म्हणतो, ‘आता यावर तुमचं नाव आहे, हे दुसरं कोण घेणार?’ बरोबरचे लोक पुढे गेलेले, बस सुटायची वेळ झालेली. वस्तू नको असते, पण त्याचं नुकसान केल्यासारखं वाटतं, आणि वीस डॉलर जातात.

तुम्ही काहीही सांगून बनवून घेतलेलं नाही, त्यामुळे तुमचं काही देणं लागत नाही. वस्तू ठेवून द्या आणि चालू लागा. त्याहून सोपं म्हणजे नाव सांगूच नका. आवडलीच तर जरूर घ्या, पण आधी भाव करा. त्या बाजारात घासाघीस सगळेच करतात आणि त्यात कोणी वाईट वाटून घेत नाही.

हीच युक्ती वेगवेगळ्या रूपांत भेटते. लाल-सोनेरी-हिरव्या रंगांची दोऱ्याची पट्टी ‘गिफ्ट’ म्हणून हातात बांधली जाते. नेग्रिलच्या सेव्हन माइल बीचवर तुमची पाठ उन्हाने लाल झालेली दिसली की कोणीतरी कोरफडीचं ताजं पान चिरून गर लावायलाच सुरुवात करतो. थंड वाटतं, बरंही वाटतं, आणि दोन मिनिटांनी ‘मसाज’चे पैसे मागितले जातात. वेण्या घालून देणाऱ्या बायका ‘पाच डॉलर’ म्हणतात. आपण समजतो डोक्याचे, त्या मोजतात एकेका वेणीचे, आणि लेकीच्या डोक्यावर वीस वेण्या झालेल्या असतात. ‘पूर्ण डोक्याचे मिळून किती?’ हा प्रश्न आधी विचारला असता तर भांडण झालंच नसतं. धबधब्यावर आपल्या बरोबर चढणारा कॅमेरावालाही शेवटी फोटो विकणार असतो, तेव्हा नको असेल तर खालीच सांगून टाका. पाण्यात घालायचे रबरी बूट घरून न्या, तिथे त्यांचं भाडं उगीच पडतं.

कुठला डॉलर?

जमैकाचं स्वतःचं चलन आहे, जमैकन डॉलर. एका अमेरिकन डॉलरला साधारण १५५ ते १६० जमैकन डॉलर मिळतात. पर्यटकांच्या भागात दोन्ही चलनं चालतात आणि दोन्हींना लोक नुसतं ‘डॉलर’ म्हणतात. सगळा गोंधळ त्यातूनच होतो. फळवाला ‘फाइव्ह हंड्रेड’ म्हणाला तर ते जमैकन, म्हणजे तीन अमेरिकन डॉलरांच्या आसपास. टॅक्सीवाला ‘थर्टी’ म्हणाला तर ते अमेरिकन.

रुपयांत अंदाज बांधायचा तर जमैकन रक्कम निम्मी करून त्यात थोडी भर घाला. हजार जमैकन डॉलर म्हणजे साधारण साडेपाचशे रुपये. किंमत जमैकन डॉलरांत असेल तर शक्यतो जमैकन नोटाच द्या. छोट्या दुकानात अमेरिकन वीसची नोट दिलीत की दुकानदार स्वतःच्या दराने हिशेब करतो. बाजारात १५८ चा दर असताना त्याने १३० धरला, तर एका नोटेमागे साडेपाचशेहून जास्त जमैकन डॉलर तिथेच गेले. २०२३ मध्ये नव्या पॉलिमर नोटा आल्या, त्यात दोन हजारांची नवी नोटही आहे, आणि जुन्या कागदी नोटाही दिसतात. पहिल्या दिवशी हॉटेलच्या खोलीत बसून नोटा नीट ओळखून घ्या. सुटे घेताना काउंटरवरच मोजा.

कार्ड वापरतानाही चलनाचाच प्रश्न येतो. मशीन विचारतं, पैसे स्थानिक चलनात कापू की तुमच्या चलनात? रुपये किंवा अमेरिकन डॉलर ओळखीचे, म्हणून आपण तेच निवडतो. पण मग विनिमयाचा दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते आणि तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो. स्थानिक चलन निवडा, रूपांतर आपल्या बँकेला करू द्या. ही फसवणूक नाही, सगळं कायदेशीर आहे, पण खिशाला चाट बसते ती बसतेच. आणि रेस्टॉरंटच्या बिलावर ‘सर्व्हिस चार्ज’ आधीच लावलाय का ते बघूनच टिप द्या. अनेकजण नकळत दोनदा टिप देऊन येतात.

टॅक्सी

जमैकात परवाना असलेल्या प्रवासी गाडीची नंबरप्लेट लाल असते. खासगी गाड्यांची पांढरी. परवाना नसताना भाडी मारणाऱ्या गाड्यांना तिथले लोक ‘रोबोट’ म्हणतात. अशा गाडीत अपघात झाला तर विमा मिळणं कठीण, म्हणून स्वस्त पडली तरी बसू नका. पर्यटकांसाठीच्या चालकांची सगळ्यात मोठी संघटना ‘जूटा’. माँटेगो बेच्या विमानतळावर तिचा काउंटर आहे, तिथे भाडं विचारूनच बाहेर पडा. बाहेर बॅग उचलायला धावणाऱ्याच्या हाती बॅग देऊ नका. उचलून झाल्यावर त्याचे पैसे वेगळे मागितले जातात.

मीटर नसतो. भाडं बोलून ठरतं, आणि अर्धवट ठरवलं तर शेवटी वाद होतो. चार गोष्टी ठरल्या पाहिजेत: कुठला डॉलर, भाडं पूर्ण गाडीचं की माणशी, एकेरी की येऊन-जाऊन, आणि टोल व थांबण्याचे पैसे त्यात धरलेत का. तोंडी बोलण्याऐवजी फोनवर आकडा टाइप करून चालकाला दाखवा: ‘यूएस ४०, टोटल, ४ पीपल’. त्याने मान डोलावली की त्याचा स्क्रीनशॉट काढून जपून ठेवा. येऊन-जाऊनचे पैसे आधी सगळे देऊ नका. जाताना निम्मे, परत पोहोचल्यावर निम्मे. क्रूझवाल्यांनी तर हे पाळाच, कारण वेळेवर परत बंदरात पोहोचवण्यात चालकाचाही स्वार्थ असला पाहिजे.

वाटेत ‘तुम्ही म्हणताय ते हॉटेल बंद पडलं’ किंवा ‘त्या धबधब्याला आज पाणी नाही’ असं ऐकलं तर त्याच्यासमोर त्या जागेला फोन लावा. खरं असेल तर कळेल. मात्र हेही सांगते की चांगला जूटा चालक मिळाला तर तो दिवसभराचा उत्तम वाटाड्या असतो. जर्क चिकन कुठल्या टपरीवर खायचं, आपल्याला आवडेल अशी करी गोट कुठे मिळते, हे त्याच्याइतकं कोणी सांगणार नाही. अशा माणसाचा नंबर घ्या, पुढच्या दिवशीही त्यालाच बोलवा, टिपही हात राखून देऊ नका.

गांजा: ‘इथे कायदेशीर आहे’ हे पूर्ण खरं नाही

बाहेर पडल्यावर तासाभरात कोणीतरी गांजा विचारतोच. आणि ‘इट्स लीगल हिअर’ हे वाक्य त्याच्या तोंडी असतं. २०१५ मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून दोन औंसांपर्यंत, म्हणजे साधारण ५६ ग्रॅम गांजा जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही, पण त्यावर ५०० जमैकन डॉलरांचा दंड आहेच. सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे. विक्री फक्त परवानाधारक दुकानातून होते. किनाऱ्यावरच्या माणसाने विकणं बेकायदाच.

आणि फसवणूक याच अर्धवट माहितीवर चालते. आधी भाव फुगवून माल विकला जातो. काही वेळा त्यानंतर दुसराच कोणी येऊन स्वतःला पोलीस म्हणवतो आणि प्रकरण मिटवायला रोकड मागतो. परदेशात, सुट्टीवर, घरच्यांसमोर अब्रू जाईल या भीतीने लोक देऊन टाकतात. असं झालं तर ओळखपत्र मागा, ‘पोलीस ठाण्यात चला, तिथे बोलू’ म्हणा आणि रस्त्यात कोणालाही रोकड देऊ नका.

याहून गंभीर म्हणजे कोणाचं पार्सल नेणं. ‘मायामीत माझी बहीण आहे, तिला एवढा केक आणि रमची बाटली द्याल?’ कितीही चांगला माणूस असो, नाही म्हणा. बॅगेत अमली पदार्थ निघाले तर जमैकात, अमेरिकेत की मुंबईत पकडले गेलात एवढाच फरक उरतो. ‘मला माहीत नव्हतं’ हे कोणतंच न्यायालय सहजासहजी ऐकत नाही.

ब्लू माउंटन कॉफी

घरी नेण्यासाठी सगळे शोधतात ती ही. जगातल्या महागड्या कॉफींत हिची गणना होते, आणि त्यामुळेच नकलीही भरपूर. ब्लू माउंटन हे ब्रँडचं नाव नाही, जागेचं आहे. बेटाच्या पूर्वेकडच्या ब्लू माउंटन डोंगरांत, ठरवून दिलेल्या भागात, साधारण ९१० ते १,७०० मीटर उंचीवर पिकलेल्या कॉफीलाच हे नाव लावता येतं. थंड, धुकट डोंगरात फळ सावकाश पिकतं, म्हणून चव मऊ, कडवटपणा कमी. उत्पादन थोडं आणि त्यातला मोठा वाटा बऱ्याच वर्षांपासून जपानला जातो. मग रस्त्याकडेच्या टेबलावर ती ढिगाने कशी असेल?

पाकिटावरचा मजकूर नीट वाचा. ‘१०० टक्के जमैका ब्लू माउंटन’ आणि ‘ब्लू माउंटन ब्लेंड’ यांत फार फरक आहे. ब्लेंडमध्ये ब्लू माउंटनचा अंश अगदी थोडा असू शकतो, बाकी भर दुसऱ्या कॉफीची. ‘जमैका हाय माउंटन’ ही खरीच जमैकन कॉफी आहे, चांगलीही आहे, पण ती कमी उंचीवरची आणि म्हणून स्वस्त. ती ब्लू माउंटनच्या भावात घ्यायची नाही. कॉफीच्या दर्जावर तिथल्या सरकारी नियामक संस्थेची देखरेख असते आणि अस्सल पाकिटावर तिची प्रमाणन-मुद्रा दिसते. अर्ध्या किलोचं ‘अस्सल’ पाकीट कोणी दहा अमेरिकन डॉलरला देत असेल तर आत दुसरंच काही आहे, हे धरून चाला.

माझं मत विचाराल तर कॉफी स्थानिक लोकांच्या सुपरमार्केटमधून घ्या. तिथे भाव छापलेला असतो, घासाघीस नाही, आणि विमानतळापेक्षा स्वस्त पडते. पूड घेण्यापेक्षा भाजलेल्या बिया घ्या. पुडीत भेसळ लपवणं सोपं असतं.

फुकटची न्याहारी

रिसॉर्टमध्ये पोहोचल्या पोहोचल्या ‘वेलकम ब्रीफिंग’चं आमंत्रण येतं. नव्वद मिनिटं द्या, फुकट न्याहारी, मसाज किंवा सहल घ्या. पुण्या-मुंबईत मॉलमध्ये कूपन भरून ‘तुम्हाला बक्षीस लागलंय, जोडीने या’ असा फोन ज्यांना आलाय, त्यांना हे नव्याने सांगायला नको. हॉलिडे क्लबचं सभासदत्व गळ्यात मारायचा तोच कार्यक्रम. किंमत ‘फक्त आजच्यापुरती’ असते, कागद घरी नेऊ देत नाहीत. जायचंच असेल तर कार्ड खोलीतल्या तिजोरीत ठेवून जा.

निघण्याआधी

पर्यटनासाठी भारतीय पासपोर्टधारकांना जमैकाचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. पण अमेरिका किंवा कॅनडातून विमान बदलत असाल तर त्या देशाचा व्हिसा लागतो. हे नियम तिकिटाआधी जमैकाच्या अधिकृत साइटवर स्वतः तपासा. ‘जमैका व्हिसा प्रोसेसिंग’च्या नावाखाली एजंटला पैसे मोजू नका. बेटावर उतरताना लागणारा ‘सी-५’ हा फॉर्म ऑनलाइन भरतात आणि तो फुकट आहे. गूगलवर शोधलं की वर जाहिरातीत दिसणाऱ्या काही साइट्स मात्र सरकारी वाटाव्या अशा सजवलेल्या असतात आणि त्यासाठी पैसे घेतात, शिवाय पासपोर्टची माहितीही त्यांच्याकडे जाते.

व्हिला किंवा घर घेताना मालक म्हणाला, ‘साइटवरून नको, थेट खात्यात पाठवा, वीस टक्के कमी करतो’, तर तिथेच थांबा. त्या सवलतीसाठी आपण तक्रार करण्याचा हक्क सोडून देत असतो. आता आणखी एक गोष्ट बघावी लागते. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ बेटाच्या पश्चिम भागावर आदळलं आणि फार मोठं नुकसान झालं. जाहिरातीतले फोटो त्याआधीचे असू शकतात. अलीकडच्या पाहुण्यांची मतं वाचा, व्हिडिओ कॉलवर जागा दाखवायला सांगा. वादळाच्या नावाने रस्त्यावर मदत मागणारेही भेटतील. त्यांतल्या अनेकांचं घर खरंच गेलेलं असेल. द्यावंसं वाटलं तर जरूर द्या. फक्त पावतीपुस्तक घेऊन हिंडणाऱ्या अनोळखी ‘संस्थे’ऐवजी सरकारच्या अधिकृत निधीला द्या, किंवा ज्या खोली-सफाईवालीला, चालकाला आठवडाभर पाहिलंय तिच्या-त्याच्या हातात द्या.

भारतीय कार्ड असेल तर बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहारांचं बटण आणि मर्यादा असते. हवं तेव्हा चालू करा, मर्यादा छोटी ठेवा, घरी आल्यावर बंद करा. परदेशी वेबसाइटवर आपल्या कार्डाने ओटीपीशिवायही पैसे कापले जाऊ शकतात, हे अनेकांना माहीत नसतं. एटीएम बँकेच्या आतलं वापरा, रस्त्यावरचं टाळा.

फोन

रात्री अकराला खोलीतला फोन वाजतो. ‘रिसेप्शनवरून बोलतोय, तुमचं कार्ड चाललं नाही, नंबर पुन्हा सांगता?’ झोपेत माणूस सांगून टाकतो. बाहेरून कोणीही हॉटेलच्या स्विचबोर्डावर फोन करून कुठल्याही खोलीला जोडून मागू शकतो. ‘मी खाली येतो’ म्हणा आणि ठेवा.

दुसरा फोन सहलीनंतर घरी येतो. माँटेगो बेच्या परिसरातून चालणारा ‘लोटो स्कॅम’ अमेरिकेत कुप्रसिद्ध आहे: तुम्हाला लॉटरी लागलीय, कर आणि शुल्क आधी पाठवा. बळी बहुतेक वयस्कर. या गुन्ह्यांसाठी जमैकाला २०१३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. नावं आणि नंबरांच्या याद्या विकल्या जातात, त्यामुळे सहलीत ‘लकी ड्रॉ’चा फॉर्म भरू नका. अमेरिकेतल्या आई-बाबांना हेही सांगून ठेवा की ८७६ हा कोड अमेरिकन नंबरासारखा दिसतो, पण तो जमैकाचा आहे.

फसलातच तर

रक्कम छोटी असेल तर सोडून द्या. रस्त्यात आवाज चढवून दहा डॉलर परत मिळत नाहीत, गर्दी मात्र जमते. कार्डाचा गैरवापर झाला असेल तर तासाभरात बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार आपली चूक नसताना झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही, आणि हे दिवस बँकेचा संदेश आल्यापासून मोजतात. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

जमैकात पोलिसांसाठी ११९, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११० लावायचा. पासपोर्ट गेला तर किंग्स्टनला भारताचा उच्चायोग आहे. मात्र माँटेगो बेहून तिथे पोहोचायला गाडीने तीन-चार तास लागतात, म्हणून पासपोर्टची एक प्रत बॅगेत आणि एक ई-मेलमध्ये असू द्या. प्रवास-विम्याचा दावा करायचा असेल तर पोलीस अहवालाची प्रत बेट सोडण्याआधीच हातात घ्या. क्रूझवर असाल तर बंदरातच नोंदवा आणि जहाजावर चढल्यावर गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर त्याची एक प्रत द्या.